कुमीचं पोट आणि दोन डॉक्टर

माझी मुलगी कुमुद आठ वर्षांची असताना तिचं पोट दुखायला लागलं आणि आमच्या घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आज ती दोन मुलांची आई आहे आणि तिचं पोट दगड पचवतं. पण परवा शेजारची सून तिच्या मुलाला कडेवर घेऊन रडत आली. म्हणाली, "काकू, डॉक्टर एक सांगतात आणि माझं मन दुसरंच सांगतं. काय करू?" तिला मी जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते. मी काही शिकलेली बाई नाही, सातवी पास आहे. पण एका लेकराचं पोट घेऊन मी दोन राज्यांत फिरले आहे, तेवढा अनुभव पुरेसा धरावा.

नवी हिंदी

तेव्हा देशात राज्यांची नव्यानं जोडणी चालली होती. आमच्या बऱ्हाणपूरची राजधानी आधी नागपूर. मग नवा नकाशा निघाला, नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, आम्ही होतो तिथंच राहिलो आणि राजधानी झाली भोपाळ. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. त्यांची सगळी हयात मराठीत अर्ज निकालात काढण्यात गेलेली. एक दिवस त्यांच्या हेडक्लार्कनं सांगितलं की आता शुद्ध हिंदीची परीक्षा होणार, आणि जो नापास होईल त्याची बदली कुठल्यातरी जंगलात होणार. ते खरं होतं की त्याच्या डोक्यातलं होतं, देव जाणे. यांनी मात्र धसका घेतला.

आम्हाला हिंदी येत नव्हती असं नाही. बऱ्हाणपुरातलं मांजरसुद्धा दूधवाल्याशी हिंदीत बोलतं. पण ती आमची बाजारातली हिंदी. "भैया, बराबर तोल" एवढ्यावर माझा संसार बिनबोभाट चालला होता. ही नवी हिंदी सोवळ्यातली होती. हे संध्याकाळी कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली की सराव सुरू करत. चहा हवा असेल तर म्हणत, "कृपया चाय का प्रबंध किया जाए." मी म्हणे, "प्रबंध झालाय, साखर संपलीय." मग बिनसाखरेचा चहा पिताना ते मराठीत बोलत.

त्याच सुमारास जबलपूरकडून यांचे नवे साहेब बदलून आले. ते आमच्याकडे चहाला येणार म्हटल्यावर यांनी चौकातून मावा जिलबी आणली. ती आमच्या गावची खासियत, काळीशार आणि जाडजूड. बैठकीत हे आणि साहेब मोठमोठे शब्द बोलत बसले होते. मी आत शेगडीपाशी, आणि कुमी मधल्या दाराच्या चौकटीला टेकून त्यांचं बोलणं ऐकत उभी. बशीत जिलबी मांडताना मला ती कमी भरली. मी मनात म्हटलं, यांनीच हात मारला असणार. गोड दिसलं की यांचा संयम सुटतो. साहेब गेल्यावर विचारलं, तर हे गळ्याची शपथ घेऊ लागले. मी विश्वास ठेवला नाही.

त्याच संध्याकाळी कुमी पोट धरून भिंतीला टेकून बसली. जेवली नाही.

घरचे वैद्य

पहिले काही दिवस मीच डॉक्टर होते. ओवा दिला, बेंबीला हिंग लावला, एरंडेल पाजलं. एरंडेल पाजायला दोन माणसं धरायला आणि एक नाक दाबायला लागतं, आणि आम्ही घरात मोठी माणसं दोनच. निम्मं माझ्या पदरावर गेलं.

मग दापोऱ्याहून यांची थोरली बहीण आली, आमच्या आक्का. त्यांची केळीची बाग होती आणि आक्कांच्या वैद्यकात केळ्याबाहेरचं औषध नव्हतं. जुलाब झाले तर कच्चं केळं, नाही झाले तर पिकलेलं. त्यांनी कुमीला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"माय वं, पोरगी तं वाळून गेली. कोनाची नजर लागली व हिले?"

त्यांनी मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, म्हणजे नजर होतीच. इच्छापूरच्या देवीला नवसही बोलल्या, की पोरगी बरी झाली तर तिला पायी पायऱ्या चढवून आणीन. नवस आक्कांचा आणि पायऱ्या चढायच्या कुमीनं.

गंमत अशी की सकाळी पोरगी ठणठणीत असायची. शाळेत जायची, गल्लीत लगोरी खेळायची. दिवेलागणीला तिचा चेहरा उतरायचा आणि हात पोटावर जायचा. "मले दुखते," एवढंच म्हणायची. घरात आम्ही 'मला' म्हणत असू, पण कुमी गल्लीतलं 'मले' घेऊन आली होती. कुठं दुखतं विचारलं तर सगळ्या पोटावरून हात फिरवायची. महिनाभरात तिच्या फ्रॉकच्या बाह्या दंडावर ढिल्या झाल्या, आणि मला घास गोड लागेना.

पहिले डॉक्टर

साहेबांनीच डॉक्टर सुचवले. तेही जबलपूरकडचेच, नुकतेच गावात आलेले, तरुण आणि टापटीप. आम्हाला खुर्ची दिली, हे मी आधी सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

त्यांनी विचारलं, "क्या तकलीफ है?"

घाबरलेल्या माणसाला आपलीच भाषा आधी सुचते. मी म्हटलं, "इसके पेट में कळ आती है."

"कल आती है?"

"हां, कळ आती है."

"तो आज क्यों लाईं?"

"आज भी आयी थी."

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी घसा साफ केला आणि परीक्षेच्या हिंदीत सांगितलं, "महोदय, कन्या के उदर में पीड़ा है." तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पण 'उदर' ऐकताच कुमीनं पोट घट्ट धरलं आणि ती कण्हायला लागली.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. ती जिथं दाबलं तिथं ओरडली. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले की अपेंडिक्सचा संशय आहे, वाट पाहण्यात धोका आहे. "खंडवा ले जाइए. काटना पड़ेगा."

'खंडवा' म्हटल्याबरोबर पोरगी पांढरीफटक पडली आणि डॉक्टरांच्या चकचकीत बुटांवर ओकली.

"देखा?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा संशय पक्का झाला, आणि खरं सांगते, माझाही.

भीती

इथं मला थोडं थांबून बोलायचं आहे. माझी धाकटी बहीण मंदा पोटदुखीनंच गेली. माझं माहेर भुसावळचं. तिला ताप होता, पोट फुगलं होतं, आणि घरचे एरंडेल आणि अंगारा यांच्यात दिवस काढत राहिले. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. त्यामुळे कुमीचं पोट कापायचं म्हटल्यावर मला कापण्याची भीती वाटली आणि न कापण्याचीही तेवढीच वाटली. अशी दुहेरी भीती फार वाईट. एकच असली तर माणूस पळून तरी जातो.

हे मला धीर देत, पण आंघोळीला जाताना टॉवेल विसरत आणि कचेरीत जाताना डबा. मी आक्कांवर चिडत होते, आक्का देवीवर चिडत होत्या. कुमी आमच्याकडे अशी बघायची, जणू आम्ही तिच्यापासून काहीतरी लपवतो आहोत. एकदा ती मला हळूच म्हणाली, "आई, मी खंडव्याले नाही गेली तं चालत नाही का? मी इथंच राहीन. काहीच मागनार नाही." मी तिला जवळ घेतलं आणि ठरवलं की कापायच्या आधी आणखी एका डॉक्टरला दाखवायचं.

परराज्य

हे यांना सांगितलं तर घरात महाभारत झालं.

"साहेबांनी सुचवलेला डॉक्टर. त्याच्यावर अविश्वास दाखवायचा? आणि तोही कुणासाठी, तर भुसावळच्या डॉक्टरसाठी? आपलं राज्य सोडून परराज्यात?"

"मग मीही परराज्यातलीच आहे," मी म्हटलं. "मला आणताना परवाना काढला होता का?"

आधीही भुसावळ दुसऱ्याच प्रांतात होतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानीमनी नसे. नवा नकाशा आल्यापासून यांना रावेरच्या अलीकडे एक रेघ दिसायला लागली होती. शेवटी आक्का मध्ये पडल्या. म्हणाल्या, "पोट तुह्या सायबाचं हाय का रे? पोरीचं हाय. जा मुकाट्यानं." थोरल्या बहिणीपुढे यांची शुद्ध हिंदी काय, अशुद्ध मराठीही चालत नसे. डॉक्टरांना मात्र यांनी "दो दिन का अवकाश" मागून घेतला.

स्टेशनवर नवा तमाशा. कुमीनं फलाटावरच्या खांबाला मिठी मारली ती सोडेचना. आमच्या स्टेशनावरून एका बाजूला खंडवा आणि दुसऱ्या बाजूला भुसावळ. गाडीचं तोंड कुठं आहे ते इंजिनापर्यंत नेऊन दाखवलं, हमालाला विचारून खात्री करून दिली, तेव्हा ती खांबापासून सुटली. मग डब्यात बसली आणि गाडी सुटल्यावर म्हणाली, "मले भूक लागली."

मी शिदोरी सोडली. रावेर येईपर्यंत तिनं दोन भाकरी आणि आक्कांनी दिलेली केळी संपवली आणि खिडकीतून केळीच्या बागा बघत गाणं म्हणू लागली. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हणजे मध्य प्रदेशात दुखतं आणि मुंबई राज्यात दुखत नाही, असं समजायचं का?" यांना हसू येत नव्हतं. मला आलं, बऱ्याच दिवसांनी.

दुसरे डॉक्टर

रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले ते म्हातारे डॉक्टर. सारं भुसावळ त्यांना तात्या म्हणे. मंदाला आम्ही उशिरा नेलं होतं ते त्यांच्याकडेच. मला पाहिल्यावर त्यांनी ओळखलं आणि एवढंच म्हणाले, "या वेळी लवकर आलीस, बरं केलंस."

त्यांनी कुमीला झोपवून पोट नीट तपासलं, ताप पाहिला, जीभ पाहिली. मग म्हणाले, "लंगडी येते का?" कुमीनं खोलीभर लंगडी घातली. औषधांच्या कपाटाला प्रदक्षिणा घालून आली.

"दुखलं?"

"नाही."

तात्यांनी यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तू बस, पण तोंड उघडायचं नाही." ही अट मला आजवर कुणी घातली नव्हती. मी पदर तोंडात धरला.

"कधी दुखतं गं पोट?"

कुमीनं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा हिंदी बोलायले लागले की."

माझा पदर तोंडातून सुटला. तात्यांनी बोट दाखवलं, मी परत धरला.

"आणखी कधी?"

"खंडवा म्हटलं की."

"खंडव्याला काय आहे?"

"तिथं शिक्षा देतात. बाबा मले तिथं धाडनार हायेत. सायबाले सांगितलं त्यांनी."

"का बरं धाडणार?"

कुमीचे डोळे भरून आले. "मी जिलबी खाल्ली. सायबाची."

तात्यांनी यांना आत बोलावलं. म्हणाले, "तुमच्या साहेबांना या मुलीबद्दल तुम्ही काय सांगितलंत? जसंच्या तसं म्हणून दाखवा."

आपली हिंदी ऐकायला कुणी स्वतःहून मागतंय हे यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. यांनी कोटाचं बटण लावलं. "मी म्हटलं, श्रीमान, मेरी यह कन्या है. मैं इसको ऊँची से ऊँची शिक्षा दूँगा. यहाँ नहीं, खंडवा भेजकर दूँगा."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हणाले, अवश्य दीजिए. लोग बेटियों को छोड़ देते हैं. बिलकुल नहीं छोड़ना चाहिए."

तपासायच्या टेबलावर कुमी पोट धरून दुमडली.

आमच्या बाजारच्या हिंदीत शिकण्याला पढाई म्हणत आणि मारण्याला सजा. 'शिक्षा' हा शब्द कुमीच्या कानावर आला होता तो फक्त मराठीतला, मास्तरांच्या छडीबरोबर. पोरीनं चोरून जिलबी खाल्ली, दाराशी उभी राहिली, आणि तिच्या बापानं सरकारी साहेबासमोर जाहीर केलं की हिला मोठ्यात मोठी शिक्षा देईन आणि ती खंडव्याला नेऊन देईन. वर साहेबानं सांगितलं की हिला अजिबात सोडू नका. त्यानंतर रोज संध्याकाळी बाप त्याच भाषेत बोलत घरात फिरे. आणि शेवटी नवे डॉक्टर म्हणाले, खंडव्याला न्या, कापावं लागेल. एवढं सगळं त्या लेकरानं एकटीनं पोटात ठेवलं होतं. मग पोट दुखणार नाही तर काय होईल?

मी रडत होते आणि हसतही होते. तात्या गंभीर होते.

"दुखणं खोटं नव्हतं, हे दोघांनी लक्षात ठेवा," ते म्हणाले. "तिला खरंच दुखत होतं. कारण तेवढं पोटाबाहेर होतं. आता काही दिवस घरात हिंदी बंद. आणि ताप आला, उजवीकडे दुखायला लागलं, चालताना वाकायला लागली, तर हा म्हातारा काय म्हणाला ते विसरा आणि सरळ त्या डॉक्टरकडे न्या. त्यानं शंका घेतली ती योग्यच घेतली."

हे कुमीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मी दारात उभी राहून ऐकत होते.

"शिक्षा म्हणजे शिकवणं गं. आपण शिक्षण म्हणतो ना, तेच."

"मग मारनं?"

"त्याला दंड म्हणतात त्यांच्यात."

"आन् ऊंची?"

"म्हणजे वरच्या वर्गांची. तू खूप शिकावंस, असं मी साहेबांना सांगत होतो."

"आन् खंडव्याले?"

"तिथं मोठी शाळा आहे. आणखी मोठी झालीस की इंदूरला."

"मंग जिलबीचं तुमाले माहीतच नव्हतं?"

"नव्हतं. आता झालं." यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती जिलबी मला जन्मभर पुरली.

कुमीनं फ्रॉकला डोळे पुसले. म्हणाली, "मंग द्या."

"काय देऊ?"

"शिक्षा. ऊंचीवाली."

यांनी तिला मांडीवर घेतलं. आठ वर्षांची घोडी, पाय जमिनीला टेकत होते.

परत गावात

पहिल्या डॉक्टरांना तोंड दाखवणं भाग होतं. हे वाटभर वाक्य जुळवत होते. तिथं जाऊन म्हणाले, "डॉक्टर साहब, रोग कुछ नहीं निकला. बच्ची को शिक्षा का भय था."

डॉक्टर दिलखुलास हसले. "अरे बाबूजी, वो तो मेरे लड़के को भी है. रोज सुबह स्कूल के टाइम पेट पकड़ लेता है." आम्हाला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. पण त्यांनी कुमीला पुन्हा एकदा तपासलं, ऑपरेशन टळलं म्हणून मनापासून खूश झाले आणि बूट मागे घेऊनच तिच्या गालाला हात लावला. दुसरीकडे दाखवलं म्हणून ते रागावतील ही आमची भीती फुकट गेली. चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तर रागावू द्यावं. लेकरू आपलं असतं.

शेजारच्या सुनेला मी हेच सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरकडे जरूर जा. पण जाण्याआधी आणि गेल्यावरही, मुलाला त्याच्या भाषेत विचार, आणि विचारताना तू गप्प बस. मला पदर तोंडात धरावा लागला होता.

हे परीक्षेत पास झाले. सराव मात्र त्यानंतर तापीच्या घाटावर जाऊन करत, तिथल्या म्हशींना त्याचं काही वाटत नसे. इच्छादेवीच्या पायऱ्या कुमी चढली. आक्का मागून धापा टाकत आल्या आणि वर पोचल्यावर सगळ्यांना केळी वाटली.

आणि यांनी शब्द पाळला. मॅट्रिकनंतर कुमी इंदूरला कॉलेजात निघाली. खंडव्याला गाडी बदलायची होती. आमच्या गल्लीतून एवढ्या लांब शिकायला गेलेली ती पहिली मुलगी. ट्रंक ठेवून ती टुणकन डब्यात चढली, खिडकीशी बसली, मागे वळून पाहायचीही तिला सवड नव्हती. गाडी खंडव्याच्या दिशेनं निघाली. मी हात हलवून वळले, तर हे शेजारी नाहीत. मागे पाहिलं, तर फलाटावरच्या त्याच खांबाला धरून उभे होते.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पोटात जरा कळ आली."